कॅसेटमधला आईचा चेहरा

प्रश्न : माझ्या लग्नाची (मे १९९४) व्हीएचएस कॅसेट मुलाने दुकानातून पेनड्राइव्हवर करून आणली आणि लॅपटॉपवर एआयने ‘फोर के’ केली. मांडव, साड्या, पाहुणे सगळं लख्ख दिसतं. पण माझी आई आता हयात नाही, आणि त्या व्हिडिओतली बाई मला माझी आई वाटत नाही. तिच्या कपाळावरचं गोंदणही गेलंय. मुलगा म्हणतो, आधी अंधूक होतं, आता खरं दिसतंय. खरं कोणतं मानायचं? दोन्ही फ्रेम सोबत जोडल्या आहेत.
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, तुमची नजर बरोबर आहे. ती बाई तुमच्या आई नाहीत.

तुम्ही पाठवलेल्या दोन्ही फ्रेम मी स्क्रीनवर मोठ्या करून शेजारीशेजारी ठेवल्या. मूळ फ्रेममध्ये आई अंतरपाटाच्या मागे उभ्या आहेत आणि त्यांचा चेहरा जेमतेम २४ ठिपके (पिक्सेल) रुंद, ३० ठिपके उंच आहे. म्हणजे सगळे मिळून ७२० ठिपके. फोर के, म्हणजे खूप जास्त ठिपक्यांचं चित्र, केल्यावर त्याच चेहऱ्यात दहा हजारांहून जास्त ठिपके झाले. हे वाढीव ठिपके टेपवर कधीच नव्हते. ते यंत्राने अंदाजाने भरले आहेत.

हा अंदाज यंत्र कसा शिकतं ते सांगते, म्हणजे गोंदण कुठे गेलं ते कळेल. चांगले, स्वच्छ फोटो घ्यायचे आणि मुद्दाम खराब करायचे : लहान करायचे, पुसट करायचे, त्यात खरखर मिसळायची. मग मॉडेलला, म्हणजे शिकणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, सांगायचं, यातून मूळ फोटो बनवून दाखव. २०१४ साली आलेलं एसआरसीएनएन हे अगदी सुरुवातीचं मॉडेल फक्त तीन थरांचं होतं. चुकेन या भीतीने असं मॉडेल सगळ्या शक्यतांची सरासरी काढतं, म्हणून चित्र मऊ राहतं. पुढे एसआरगॅन या पद्धतीने अशा मॉडेलसमोर दुसरं मॉडेल परीक्षक म्हणून बसवलं. त्याचं काम एकच, ‘हा फोटो खरा वाटतो का?’ हे सांगायचं. तेव्हापासून चित्रं एकदम धारदार दिसू लागली. पण ‘खरा वाटणं’ आणि ‘खरा असणं’ यांतला फरक त्या परीक्षकाला विचारलेलाच नसतो.

चेहऱ्यांसाठी तर वेगळी मॉडेलं असतात. २०२१ मध्ये आलेलं जीएफपीगॅन हे त्यातलं खूप वापरलं जाणारं. ते ज्या संग्रहावर शिकलं त्यात फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवरून घेतलेले ७०,००० चेहरे आहेत. नऊवारी नेसलेल्या, कपाळावर गोंदण असलेल्या आपल्याकडच्या बायका अशा संग्रहात किती असणार? तुमच्या आईचं गोंदण मूळ फ्रेममध्ये दोन-तीन हिरवट ठिपक्यांचं आहे. टेपच्या खरखरीतही तसेच ठिपके असतात. यंत्राने ते डाग समजून पुसले आणि कपाळ गुळगुळीत केलं. नथीचंही तेच झालंय : मूळ फ्रेममध्ये मोत्यांचा वळलेला आकार पुसट का होईना कळतो, नव्या फ्रेममध्ये तिथे एक चमकता गोळा आहे. आणि मांडवाच्या दारावरची ‘शुभविवाह’ ही पाटी नीट पाहा. अक्षरांना शिरोरेघ आहे, काने आहेत, पण वाचता येईल असं एकही अक्षर उरलेलं नाही.

मला याचं फार वाईट वाटतं. गावोगावच्या लग्नाच्या कॅसेटी माझ्याकडे येतात, आणि कित्येक बायकांचं हलतं-बोलतं असं तेवढंच काय ते मागे राहिलेलं असतं. साठ वर्षांच्या बाईच्या सुरकुत्या काढून तिला तरतरीत करायचा अधिकार कुठल्याच प्रोग्रॅमला नाही.

तरी हे तंत्र टाकाऊ नाही, फक्त क्रम पाळायला हवा. दुकानातून आलेली पहिली फाइल, कशीही दिसत असली तरी, दोन ठिकाणी जपून ठेवा. कॅसेटही फेकू नका. मग मुलाला आधी ‘डीइंटरलेस’ करायला, म्हणजे अर्ध्या फ्रेम सुट्या करून पूर्ण करायला, सांगा. आपल्याकडच्या कॅसेटवर सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या फ्रेमची बनते : एकीत विषम रेघा, दुसरीत सम, आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या. तसंच अपस्केल केलं, म्हणजे चित्र मोठं केलं, तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात आणि मॉडेल तेच दात कोरून पक्के करतं. एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅममधला ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ फिल्टर हे काम चांगलं करतो. त्यातून सेकंदाला ५० फ्रेम घ्या. हालचाल इतकी सहज होते की निम्मा अंधूकपणा तिथेच गेल्यासारखा वाटतो.

त्यानंतर फोर के नको, दुप्पट पुरे. संगणकावर फाइल ७२० बाय ५७६ ठिपक्यांची दिसली तरी व्हीएचएस टेपवर आडवा तपशील त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो आणि रंगाचा तर फारच थोडा. त्याहून जास्त ताणाल तितकी यंत्राची भर वाढते. ‘फेस एन्हान्स’ किंवा तत्सम नावाचं बटण मात्र बंदच ठेवा. एखादा चेहरा भिंतीवर लावायला हवाच असेल तर कोडफॉर्मर हे चेहरे सुधारणारं मॉडेल वापरा. त्यात ० ते १ अशी एक पट्टी असते, ती १ कडे सरकवली की मूळ चेहऱ्याशी जास्त इमान राखलं जातं. आणि तो फोटो तुमच्या भावंडांना दाखवा. आई ओळखू येते की नाही, हे तेच सांगू शकतील.

प्रश्न : आमच्या सोसायटीत स्कूटर चोरीला गेली. सीसीटीव्हीत चोराच्या गाडीची नंबरप्लेट पुसट दिसते. एआयने नंबर काढून पोलिसांना द्यावा का?
– सोसायटीचे सचिव, ठाणे

उत्तर : देऊ नका. प्लेट आठ-दहा ठिपक्यांची असेल तर यंत्र ३ आणि ८ यांतला एक निवडून ठसठशीत काढून देईल, आणि त्या नंबरचा निरपराध माणूस चौकीत बसेल. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या न्यायालयाने २०२४ मध्ये एका खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेला मोबाइल व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला, तो याच कारणाने. मूळ चित्रीकरणात नसलेले ठिपके त्यात भरले होते. तुम्ही डीव्हीआरमधून (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या पेटीतून) मूळ रेकॉर्डिंग आजच काढून घ्या, कारण जुन्यावर नवं रेकॉर्ड होत जातं. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून देऊ नका. गाडी काही सेकंद चौकटीत असेल तर लागोपाठच्या अनेक फ्रेममध्ये प्लेट किंचित सरकलेली असते. त्या एकमेकींवर जुळवून खरोखरची थोडी जास्त माहिती मिळू शकते. ते काम न्यायवैद्यक प्रयोगशाळेवर सोपवा.

प्रश्न : आजोबांचा पासपोर्ट साइजचा एकच फोटो आहे. काकांनी व्हॉट्सअॅपवर पाठवला, तो मोठा करायला कोणतं अॅप चांगलं?
– एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : अॅप आधी नको. काकांकडे कागदावरचा मूळ फोटो आहे ना? तो स्कॅनरवर १२०० डीपीआयला (इंचाला १२०० ठिपके) स्कॅन करून घ्या आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दाबून लहान केला जात नाही. स्टुडिओत काढलेल्या जुन्या कृष्णधवल प्रिंटमध्ये आपल्याला वाटतं त्याहून बराच तपशील असतो. दीड इंच उंचीच्या फोटोतून १,८०० ठिपके मिळतात. सहा इंच उंच छपाईला तेवढे पुरतात.