उपकेंद्रात ई-संजीवनी सुरू करताय? आधी एवढंच बघा

अभिनंदन! समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून रुजू झालात की ई-संजीवनीवरून (उपकेंद्रातून दूरच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावून पेशंटला सल्ला मिळवून द्यायची सरकारी सेवा) "आज कॉल किती?" ही विचारणा सुरू होणारच. लगेच आकड्यांमागे धावू नका.

आधी रेंज. कुठल्या खिडकीपाशी, कुठल्या सिमला नेट टिकतं ते स्वतः फिरून बघा. टॅब सकाळीच चार्ज. लाइट नेमकी ओपीडीतच जाते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉलआधीची तयारी. बीपी, ताप, साखर, वजन, चालू गोळ्या लिहून ठेवा. पलीकडच्या डॉक्टरांना पेशंट तपासता येत नाही, त्यांचे हात तुम्हीच. मी सुरुवातीला कॉल लावून मग बीपीचा पट्टा शोधायचो!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- छातीत दुखणाऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवणं. थेट १०८ बोलवा.
- औषधसाठ्याची यादी समोर न ठेवणं. मग चिठ्ठी मिळते, गोळी नाही.
- संमती न विचारणं. कॉल आपण लावतो तेव्हा २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार पेशंटची स्पष्ट संमती लागते. आणि रांगेतल्यांसमोर तर बोलूच नका.

आभा क्रमांक (पेशंटच्या डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर), अहवाल वगैरे महिन्याभराने बघू. आशाताईंना मात्र पहिल्याच दिवशी एक कॉल दाखवा. गावाला पटवणार त्याच.