सरळ विचारा : दंडुका, चलान आणि जिन्यातले देव

मागच्या अंकात नाकाबंदीवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज येतच राहिले. अर्ध्यांना पोलिसांवर राग, अर्ध्यांना पब्लिकवर, आणि बऱ्याच जणांना दोघांवरही. म्हणून यावेळी रेसिपी आणि शेअर बाजाराचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हाच विषय घेतलाय. पत्रं लांबलचक होती, थोडी कापलीयेत. उत्तरं माझी मतं आहेत, वकिलाचा सल्ला नाही हे आधीच सांगते.

गिरगावातले एक आजोबा लिहितात : या देशाला लोकशाही झेपत नाही. दोन वर्षं लष्कराच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील. आणीबाणीत लोकल वेळेवर यायच्या, साहेब दहाच्या ठोक्याला खुर्चीत असायचा, मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्हा लिहिणाऱ्यांना पटणार नाही म्हणा.

आजोबा, नाहीच पटत. साहेब वेळेवर यायचा हे मान्य, त्याला नोकरीची भीती होती. पण जून १९७५ पासून पेपरवर सेन्सॉर बसलेला, मग गाड्या कुठे लेट झाल्या, कुठे कोणाला उचललं, हे तुम्हाला कळलं तरी कुठून असतं? आपल्या मुंबईच्याच लेखिका दुर्गा भागवत बघा. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून त्यांनी सरकारविरुद्धच्या आंदोलनाचे नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी लोकांना उभं राहून प्रार्थना करायला सांगितलं, आणीबाणीवर बोलल्या, आणि पुढे त्यांना अटक झाली. म्हणजे कसं होतं, दंडुका ज्याच्या हातात तोच ठरवतो बेशिस्त कोण, आणि त्याच्या यादीत पिचकारी मारणाऱ्याच्या आधी लिहिणारी बाई येते.

आणि आपल्या लोकांना शिस्त कळतच नाही हेही मला मान्य नाही. संध्याकाळी सातला कुठल्याही सबर्बन स्टेशनच्या बाहेर शेअर रिक्षाची लाइन बघा. साठ-सत्तर माणसं, दिवसभर पिळून निघालेली, कोणाच्या हातात भाजीची पिशवी, कोणाच्या खांद्यावर झोपलेलं पोर, आणि सगळे एकामागे एक उभे. मध्येच कोणी फोनवर बोलायचं नाटक करत घुसला की मागून आवाज येतो, "ओ भाऊ, लाइन दिसत नाय का?" आणि तो गपचूप मागे जातो. तिथे ना हवालदार, ना कॅमेरा, ना दंड. बेस्टच्या स्टॉपवर तेच, मीटर न सांगता टाकणारे रिक्षावाले पण याच शहरात. दुसऱ्या गावचा पाहुणा आला की हे बघून चाट पडतो.

तोच माणूस सकाळी बाइकवर बसला की सिग्नल तोडतो. का? माझ्या मते लाइनीत त्याला खात्री असते की नंबर येणार आणि सगळ्यांना नियम एकच. सिग्नलला ती खात्री नाही, तिथे त्याच्या डोळ्यासमोरून काळ्या काचांची गाडी निघून जाते, नंबर प्लेटवर आकडे कमी आणि "दादा" जास्त, पुढे कुठलातरी स्टिकर, आणि तिला कोणी हात दाखवत नाही. मग याला वाटतं थांबणारा मीच येडा. आता लष्कर आणून यातलं नेमकं काय सुधारणार? स्टिकरवाल्याचं पण चलान फाटलं, आणि फाटलेलं लोकांना दिसलं, तर निम्मं काम होईल.

कांदिवलीची एक ताई : लोकलमधून उतरताना माझा बावीस हजारांचा फोन पर्समधून मारला, चेन उघडलेली होती. घराजवळच्या पोलीस स्टेशनला गेले तर म्हणाले आमची हद्द नाही, रेल्वेकडे जा. रेल्वे पोलिसांकडे गेले तर म्हणाले, "मॅडम, चोरीला गेला नका लिहू, गहाळ झाला लिहा, काम पटकन होईल." मी दमले होते, लिहून दिलं. आता कळतंय की काहीच होणार नाही. मी काय करायला हवं होतं?

ताई, या एका प्रश्नाची अठरा पत्रं आलीयेत, फक्त स्टेशनांची नावं वेगळी, म्हणून जरा सविस्तर लिहिते. "गहाळ" लिहिलं की गुन्हा घडलाच नाही. गुन्हा नाही तर तपास नाही, तपास नाही तर कोणाच्या टेबलावर पेंडिंग केस नाही आणि महिन्याच्या शेवटी आकडा छान दिसतो. तुम्हाला सिमकार्ड मिळतं, इन्शुरन्स काढलेला असेल तर ती कंपनी मात्र चोरीचा एफआयआर मागत बसते.

हद्दीचं कारण तर चालतच नाही. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती घ्यावी लागते. यालाच झीरो एफआयआर म्हणतात, नंतर तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा हे त्यांचं काम, तुमचं नाही. एफआयआरची कॉपी फुकट मिळते. मोबाईलवरून वा मेलने माहिती दिली तरी चालते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. आणि दखलपात्र गुन्हा (म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो असा) असेल तर नोंदवायलाच हवा हे सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यातच सांगितलंय, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने.

आता प्रॅक्टिकल. ठाण्यात जाऊन कलमं तोंडावर फेकू नका, समोरचा अंमलदार पण बारा तास बसून कंटाळलेला असतो, वाद घातलात तर तोही हट्टाला पेटतो. साध्या कागदावर अर्ज लिहा : कुठली गाडी, कुठलं स्टेशन, अंदाजे वेळ, पर्सची चेन उघडी होती, फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर. दोन प्रती. एकीवर शिक्का, तारीख, सही मागा. अर्ज घेतला की ठीक, नाही घेतला तर तोच कागद पोस्टाने वरच्या अधिकाऱ्याला पाठवा, मुंबईत उपायुक्त, रेल्वेचं प्रकरण असेल तर लोहमार्ग पोलीस, आणि तरी हलले नाहीत तर मॅजिस्ट्रेटकडे जायची सोय त्याच कलमात आहे. तुम्ही "गहाळ" लिहून दिलंय तरी नवा अर्ज देता येतो, आधीचं का आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिलं ते त्यात सरळ मांडा. फोन ब्लॉक करायला सीईआयआरचं सरकारी पोर्टल आहे, त्याला पोलीस तक्रारीची कॉपी आणि आयएमईआय लागतो. बाकी वाचकांनी हे वाचता वाचताच स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून हा आयएमईआय नंबर कुठेतरी लिहून ठेवा, फोनमध्ये नाही, वहीत! फोनमधून पैसे पण गेले असतील तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, आणि तो फोन लगेच करायचा, दुसऱ्या दिवशी नाही.

नाव नको, दादरचा वाचक : सिग्नल तोडला, मामाने अडवलं, चलान सांगितलं, मी दोनशेवर मांडवली केली. बायको म्हणते तू भ्रष्टाचारी. मी म्हणतो घेतो तो भ्रष्टाचारी. कोण बरोबर?

बायको. सॉरी दादा. २०१८ ला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला, तेव्हापासून देणारा पण गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. जबरदस्तीने द्यावे लागले असतील तर सात दिवसांच्या आत तक्रार केलीत की सुटका, त्यासाठी अँटी करप्शनचा १०६४ नंबर आहे. पण तुमच्यावर जबरदस्ती कुठे झाली, तुम्हीच पाकीट काढलं ना? तोडपाणी दोघांना परवडतं म्हणून चालतं. त्याला दोनशे मिळाले, तुमचे काही वाचले, आणि सिग्नलला रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीचं काय ते या हिशेबात कुठेच नव्हतं. पुढच्या वेळी "साहेब, मशीनवर मारा चलान" एवढंच म्हणून बघा.

पोलीस लाइनीत राहणारी कॉलेजची मुलगी : माझे बाबा हवालदार आहेत. अकरा दिवस गणपतीत घरी नसतात, दिवाळीत नसतात. आणि कॉलेजात मुलं माझ्यासमोर "पांडू" म्हणून हसतात. सगळे पोलीस पैसे खात नाहीत हे लोकांना कधी कळणार?

बाळा, हसणाऱ्यांना सांग की विसर्जनाच्या रात्री लालबागपासून चौपाटीपर्यंत एकदा दोरी धरून उभे राहा, मग बोलू. २०१६ मध्ये दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू करून बघितली होती, त्याआधी बारा-बारा तास आणि वर बंदोबस्त हेच नॉर्मल. आयडिया एका शिपायाचीच होती, वरून कोणी सल्लागार आला नव्हता, हे मला फार आवडलं होतं. पुढे माणसं कमी पडली की ते आठ तास पहिले गायब होतात हे तू घरीच बघत असशील.

पण तुझ्यासाठी म्हणून गोड बोलणार नाही. लोकांचा राग हवेतून आलेला नाही, वरच्या ताईचं पत्र वाच. माझं म्हणणं एवढंच की राग चुकीच्या माणसावर निघतो, कारण आपल्याला भेटतो तो सिग्नलवरचा शिपाई, बदल्या ठरवणारा भेटतच नाही. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात राज्यांना सांगितलं, वरच्या अधिकाऱ्यांना ठरावीक मुदत द्या, तपास आणि बंदोबस्ताची माणसं वेगळी करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण करा. आपल्याकडे २०१४ ला कायद्यात बदल झाला, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आलं, पण रस्त्यावर दहा जणांना विचार, नऊ जणांनी नाव ऐकलेलं नसेल. बदली फोनवर होत असेल तर खालचा माणूस नियमाकडे बघणार की फोन करणाऱ्याकडे? तुझ्या बाबांसारखे सरळ लोक त्यात सगळ्यात जास्त भरडले जातात. आणि त्यांच्या हक्काच्या सुट्टीसाठी आपण कधी मोर्चा काढला? नाय काढला. लाऊडस्पीकरच्या वेळेसाठी काढतो.

मुलुंडहून एक बाइकवाले : रस्त्यात खड्डे सरकारचे, टॅक्स माझा, डोकं माझं, मग हेल्मेटची सक्ती का? आधी रस्ते नीट करा, मग मला शिकवा.

खड्ड्यांबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि मग जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत वर्षानुवर्षं प्रशासकच होता, जाब विचारायला वॉर्डात नगरसेवक पण नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने म्हटलं की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे जीव गेला तर घरच्यांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्या. तो निकाल कापून ठेवा, कामाचा आहे.

पण "आधी त्यांनी मग मी" हे काही मला पटत नाही. हायकोर्टाचे ते ६ लाख घ्यायला तुम्ही नसणार, वहिनी असतील. आणि मागे बसतात त्या वहिनींना पण हेल्मेट सक्तीचं आहे बरं का, तुमचं एकट्याचं डोकं नाही त्यात. सरकारची चूक कुठे संपते आणि आपली कुठे सुरू होते ते दरवेळी इतकं सोपं नसतं. २९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस आठवा, परळ-प्रभादेवी भागात एक नावाजलेले डॉक्टर गाडी सोडून घरी चालत निघाले होते, तुंबलेल्या पाण्यात उघडं मॅनहोल दिसलं नाही आणि ते गेले. झाकण पालिकेने उघडं ठेवलं नव्हतं, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून लोकांनीच काढलं होतं. ज्यांनी काढलं त्यांना मदतच करायची होती, शंका नाही. पण तिथे एक माणूस काठी धरून उभा राहिला असता, निदान एक झाडाची फांदी खोचली असती, तर? पाणी तुंबलं हा पालिकेचा दोष, मॅनहोलच्या आत जाळ्या बसवायची अक्कल नंतर आली हाही त्यांचाच दोष, पण ती फांदी आपली होती हो.

लोअर परळच्या एका बिल्डिंगचे सेक्रेटरी : जिन्यात थुंकू नये म्हणून सगळ्या धर्मांच्या देवांच्या टाइल्स लावल्या. आता लोक दोन टाइल्सच्या मधल्या जागेत थुंकतात. हसू नका, उपाय सांगा.

सेक्रेटरीसाहेब, हसू नका म्हणालात तरी हसले. देवांना वॉचमनच्या ड्युटीवर लावलं की असंच होणार, त्यांना पण आठ तासांची शिफ्ट हवी. त्या कोपऱ्यात बल्ब आहे का? बहुतेक नसेल. झगझगीत एलईडी लावा, शेजारी झाकणाचा डबा ठेवा, आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये जिना धुवायचा खर्च वेगळी लाइन टाकून सगळ्यांच्या मेंटेनन्सच्या बिलात दाखवा. तिसऱ्या मजल्यावरच्या कोणालातरी माहीत असतंच कोण थुंकतं, बिल वाढलं की ते बोलतील. सीसीटीव्ही सगळ्यात शेवटी, तो महाग पडतो आणि त्याच्यावर पण थुंकतात.