टाकीत उतरण्यापूर्वीचे काम

चि. ... यास,
अनेक आशीर्वाद.

आयटीआयचा इलेक्ट्रोप्लेटर ट्रेड पूर्ण करून तू भोसरीतल्या प्लेटिंग शॉपमध्ये, म्हणजे विजेने वस्तूंवर धातूचा थर चढवणाऱ्या कारखान्यात, रुजू होत आहेस, हे तुझ्या पत्रातून कळले आणि समाधान वाटले. निकेलच्या टाकीवर कधी उभे करतील, असे तू विचारले आहेस. करतील तेव्हा करतील. सुरुवातीचे काही महिने तुला डीग्रीझिंग (तेल काढणे), पिकलिंग (ॲसिडने गंज काढणे) आणि जॉब, म्हणजे प्लेटिंगला आलेली वस्तू, धुण्याच्या टाक्यांवरच काढावे लागतील, आणि ते काम दुय्यम समजू नकोस हे सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. निकेलचे पापुद्रे निघू लागले की सगळे जण निकेलच्या टाकीकडे बोट दाखवतात आणि कोणीतरी चकाकी आणणाऱ्या ब्राइटनरचा कॅन उघडतो. दोष मात्र बहुतेक वेळा जॉब त्या टाकीत उतरण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो.

धुतलेला जॉब पाण्यातून बाहेर काढून तिरपा धर आणि साधारण अर्धा मिनिट नुसता पाहा. पाण्याचा पातळ थर सगळीकडे अखंड राहिला तर तेल गेले आहे. कुठे तो थर फाटून पाणी थेंबाथेंबाने मागे सरले, तर त्या जागी तेल शिल्लक आहे, मग ती जागा डोळ्यांना कितीही लख्ख दिसो. भोकांच्या कडा, आटे आणि वेल्डिंगच्या खाचा येथे थर आधी फाटतो, म्हणून नजर प्रथम तेथे जावी. यात एक मेख आहे. क्लीनरमधल्या साबणाचा अंश जॉबवर उरला असेल तर तेल असूनही थर अखंड दिसतो. म्हणून जॉब सौम्य ॲसिडमध्ये बुडवून, पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढून मगच ही परीक्षा करावी. घाईच्या पाळीत ही पायरी सर्वांत आधी गाळली जाते.

पिकलिंगमध्ये गंज निघेपर्यंतच जॉब ठेवायचा असतो. जास्त वेळ ठेवला म्हणून तो जास्त स्वच्छ होत नाही. उलट हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये लोखंडावर हायड्रोजन तयार होतो आणि त्यातला काही पोलादात शिरतो. पुढे झिंकच्या टाकीत त्यात आणखी भर पडते. साध्या ब्रॅकेटला त्याने फारसा फरक पडत नाही, पण 12.9 ग्रेडचा, म्हणजे अतिशय मजबूत पोलादाचा, बोल्ट बाहेरून निर्दोष दिसतो, घट्ट आवळला जातो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, डोक्याखाली तुटतो. हा हायड्रोजन बाहेर पडावा म्हणून असे बोल्ट प्लेटिंगनंतर शक्यतो चार तासांच्या आत ओव्हनमध्ये 190 ते 220 अंशांवर कित्येक तास भाजतात, आणि तेही पॅसिव्हेशनच्या (झिंकवर गंजरोधक थर देण्याच्या) आधी, कारण पॅसिव्हेशनच्या थराला ती उष्णता सोसत नाही. मालाबरोबर आलेल्या चलनावर बोल्टचा ग्रेड लिहिलेला नसेल तर विचारल्याशिवाय माल हातात घेऊ नकोस. सुपरवायझर कुरकुरला तरी चालेल.

थराच्या जाडीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण हिशेब तू शिकलाच आहेस. प्रति चौरस डेसिमीटर 1 अँपिअरने तासाभरात झिंक सुमारे 17 मायक्रॉन आणि निकेल सुमारे 12 मायक्रॉन चढते, पण हे पूर्ण कार्यक्षमता धरून, आणि सरासरीने. कडांवर थर जाड बसतो, खोलगट भागात पातळ, म्हणून जाडी मोजायचे गेज नेहमी कडेला लावून खूश होणाऱ्यांच्या नादी लागू नकोस.

तुमच्याकडे सायनाइड झिंकची टाकी असेल तर एक गोष्ट कायम ध्यानात ठेव: सायनाइड आणि ॲसिड यांची कोठेही गाठ पडता कामा नये, टाकीत नाही, बादलीत नाही, गटारातही नाही. दोन्ही मिसळली की निघणारा वायू माणसाला काही मिनिटांत मारू शकतो, आणि त्याचा वास सगळ्यांना येतोच असे नाही. सांडपाण्याच्या प्रक्रियेतही दोघांचे मार्ग निराळे असतात. सायनाइड पीएच 10 च्या वर ठेवून हायपोक्लोराइटने मोडावे लागते, तर क्रोमचे पाणी आधी पीएच 2 ते 3 वर आणून मेटाबायसल्फाइटने त्यातल्या क्रोमचा विषारीपणा कमी करावा लागतो. दोन्ही लाइन एकाच नाल्यात सोडलेल्या दिसल्या तर त्याच दिवशी लेखी कळव. क्रोमच्या टाकीवर काम पडले तर एक्झॉस्ट बंद असताना उभा राहू नकोस. टाकीतून उठणाऱ्या धुक्याने नाकाच्या पडद्याला छिद्र पडते आणि ते दुखत नसल्यामुळे उशिरा लक्षात येते.

संध्याकाळी टाकीच्या तळाशी पडलेले जॉब काढण्याचे कंटाळवाणे काम आपणहून माग. निकेलच्या टाकीत पितळेचा तुकडा पडून राहिला की तांबे आणि जस्त हळूहळू विरघळते, आणि काही दिवसांनी खोलगट भाग काळसर येऊ लागतात. ते आधी हल सेलच्या, म्हणजे टाकीतले द्रावण तपासण्याच्या भांड्यातल्या, पत्र्यावर दिसते, कमी करंटच्या टोकाला. 267 मिलिलिटरच्या त्या छोट्या भांड्यात पत्रा तिरपा बसवलेला असल्यामुळे एकाच पत्र्यावर जास्त करंटपासून कमी करंटपर्यंतची सगळी वागणूक उमटते. केमिस्टकडून टाकून दिलेले पत्रे मागून घे, मागे तारीख आणि त्या दिवशी टाकीत काय घातले ते लिहून ठेव. दिवाळीला येशील तेव्हा बरोबर आण. ते समोर मांडून पुढचे बोलू.

तुझा,
काका