१९६६ चा ‘एकदाही न उघडलेला’ फेंडर डीलक्स रिव्हर्ब घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा: न्यू जर्सीत १९६६ चा फेंडर डीलक्स रिव्हर्ब, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प, विकायला आहे, मालक म्हणतात ‘सगळं ओरिजिनल, एकदाही उघडलेला नाही’, पण चालू केला की तो घुमतो, म्हणजे स्पीकरमधून सतत ‘हम्म’ असा आवाज येतो. शिवाय पुढच्या वर्षी तुम्ही पुण्याला परतताय. घ्यावा का?

घ्या. मात्र ‘एकदाही उघडलेला नाही’ या वाक्यासाठी एक डॉलरही जास्त देऊ नका. उलट आतल्या कामाचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

या अ‍ॅम्पमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग) वापरलेत की नाही याला महत्त्व नाही, ते वयानेच सुकतात. वीसेक वर्षं चालले तर खूप झालं, यांना साठ होत आली. ती घुमघुम बहुधा त्यांचीच. खात्री करायची तर सगळे व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही आवाज तेवढाच राहिला, तर अ‍ॅम्प स्टँडबायवर (व्हॉल्व्ह तापलेले, पण आवाज बंद) टाकून मोठ्या व्हॉल्व्हांशेजारचा शेवटचा छोटा व्हॉल्व्ह (१२एटी७) काढा आणि स्टँडबाय सोडून पुन्हा ऐका. अजूनही घुमतोय म्हणजे दोष पॉवर सप्लायमध्ये किंवा मोठ्या व्हॉल्व्हांमध्ये आहे.

माझ्यावर काय बेतलं ते सांगतो. माझा १९७३ चा, म्हणजे चंदेरी पट्टीवाला डीलक्स रिव्हर्ब. आवाज इतका गोड होता की आत हात लावायला मन धजेना. चौथ्या संध्याकाळी मागे सहज नजर गेली, तर एका ६व्ही६ ची, म्हणजे मोठ्या व्हॉल्व्हची, प्लेट (आतला धातूचा पत्रा) लालभडक झालेली. फ्यूज शाबूत होता. मी धावत जाऊन बंद केला. झालं होतं एवढंच की बायसचा, म्हणजे व्हॉल्व्हचा करंट आवरणाऱ्या उणे व्होल्टेजचा, एक छोटा कंडेन्सर सुकला होता. या व्हॉल्व्हच्या ग्रिडला, म्हणजे आतल्या जाळीला, सुमारे उणे ३५ व्होल्ट लागतात, तेच ढासळले आणि ४०० व्होल्टच्या वर बसलेली प्लेट बेफाम करंट ओढायला लागली. आणखी काही मिनिटं गेली असती तर ट्रान्सफॉर्मर जळला असता. ज्या मूळ कंडेन्सरला मी जपत होतो, त्याने अ‍ॅम्पमधली खरी मोलाची वस्तूच घालवली असती.

म्हणून ओरिजिनल बघायचं ते ट्रान्सफॉर्मर. त्यांवर ६०६ ने सुरू होणारा आकडा असेल तर ते शूमाखर कंपनीचे. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. स्पीकरवर ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, २२० म्हणजे जेन्सन कंपनीचा. खोक्याच्या आत चिकटवलेल्या व्हॉल्व्हच्या तक्त्यावर दोन अक्षरांचा शिक्का शोधा: ‘पी’ म्हणजे १९६६, आणि दुसरं अक्षर महिन्याचं, म्हणजे ‘पीसी’ हा मार्च १९६६. पॉटवरच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांमागच्या भागावरच्या) तारखेवर मात्र विसंबू नका, १९६६ चे पॉट पुढच्या काही वर्षांच्या अ‍ॅम्पमध्येही सापडतात. स्पीकर बदललेला असेल तर अ‍ॅम्प वाईट ठरत नाही, किंमत उतरते. ट्रान्सफॉर्मर बदललेला असेल तर मी तरी १९६६ ची किंमत देणार नाही.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. वायर दोन पिनांची असेल आणि मागे ‘ग्राउंड’ लिहिलेला स्विच असेल, तर मेन्सची एक तार आणि चासी (आतला धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये एक कंडेन्सर बसवलेला असतो. तो शॉर्ट झाला की चासीत, तिथून गिटारच्या तारांत करंट येतो, आणि तुमचे ओठ माइकला लागले की तुम्ही मध्ये सापडता. तो कंडेन्सर काढून टाकून तीन पिनांची अर्थिंगवाली वायर बसवून घ्या. याबाबतीत ओरिजिनलचा हट्ट अजिबात धरू नका.

हे काम व्हॉल्व्हचा अनुभव असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. प्लग काढल्यावरही आत ४०० व्होल्ट साठून राहू शकतात, ते जीव घेतात. काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना त्याला सिरीज बल्ब लावायला सांगा, आपले वायरमन लावतात तोच, १०० वॉटचा तारेचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखरच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि अ‍ॅम्प वाचला.

पुण्याचं म्हणाल तर हा ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला आहे. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर त्याचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने लवकर भरतो आणि तो जास्त तापतो. त्यात ‘२२० ते ११०’ असं लिहिलेल्या स्टेप-डाऊनला (व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला) घरातले २४० व्होल्ट मिळाले की बाहेर १२० पडतात, म्हणजे दोन्हीकडून ताण. त्यामुळे २४० ला ११० देणारा, किमान ३०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा स्टेप-डाऊन गुंडाळून घ्या आणि अर्थिंगची तार त्यातून अ‍ॅम्पपर्यंत अखंड गेली आहे ना, ते मीटरने तपासा. पहिल्या दिवशी तासाभराने ट्रान्सफॉर्मरजवळ हात धरून बघा. कोमट, अगदी गरमसुद्धा चालेल, पण वार्निशचा वास आला तर लगेच बंद करा.

निघण्यापूर्वी सगळे व्हॉल्व्ह काढून, कोणता कुठल्या सॉकेटचा ते लिहून, हातातल्या बॅगेत घ्या. ६व्ही६ ची एक नवी जुळवलेली जोडीही तिकडूनच आणा.