ऐरोलीत राहतो, कॅरेक्टर रिगिंग, म्हणजे थ्रीडी पात्राला हलवता येईल असा सांगाडा बसवणं, शिकायचंय. ब्लेंडर सॉफ्टवेअरने सुरुवात करू की मायाने?

ब्लेंडरनेच करा. ठाण्यात रिगिंग शिकवतो, त्यावरून सांगतो: ते फुकट आहे, आणि सोबत येणारं रिगिफाय हे अ‍ॅड-ऑन चालू केलं की माणसाचा तयार सांगाडा मिळतो, हातापायांच्या आयके-एफकेसकट (आयके: पंजा ओढला की अख्खा हात मागोमाग येतो; एफके: एकेक सांधा फिरवायचा). खरा फरक स्किनिंगमध्ये, म्हणजे पात्राचं शरीर सांगाड्याला जोडण्यात आहे. ब्लेंडरचे ऑटोमॅटिक वेट्स (कोणतं हाड कोणता भाग किती हलवणार याचे आपोआप निघणारे आकडे) स्वच्छ, एकसंध मेशवर, म्हणजे पात्राच्या जाळीदार पृष्ठभागावर, छान बसतात. पण कपडे-दागिने एकमेकांत घुसलेले असले की ते वेट्स काढणारी बोन हीट पद्धत अडते आणि काही हाडांना वेट्सच मिळत नाहीत. मायाची वेट्स काढायची पद्धत, जिओडेसिक व्हॉक्सेल बाइंड, अशा मेशवरही चालते. नऊवारी नेसलेलं पात्र घेतलं की हे लगेच कळतं. तरी काष्ट्यापाशी डाव्या मांडीचे वेट्स उजवीकडे सांडले, तर ते ब्लेंडर आणि माया दोन्हींत हातानेच पुसावे लागतात; ब्लेंडरमध्ये त्याआधी ऑटो नॉर्मलाइझ (प्रत्येक बिंदूच्या वेट्सची बेरीज एक ठेवणारा पर्याय) चालू आहे ना, ते बघा. मनगट फिरवल्यावर हात पिळलेल्या फडक्यासारखा बारीक होत असेल तर ब्लेंडरमधला प्रिझर्व्ह व्हॉल्यूम हा पर्याय लावा, कोपर मात्र त्याने थोडं फुगतं. एकच अपवाद: ज्या स्टुडिओत जायचंय तिथे माया मागत असतील आणि तुम्ही विद्यार्थी असाल, तर माया बनवणाऱ्या ऑटोडेस्कचं मोफत शैक्षणिक लायसन्स घेऊन थेट मायावरच हात बसवा.