‘युलिसिस’ छापलं कुणी?

प्रश्न : ताई, एम.ए.च्या अभ्यासासाठी जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’वर पुष्कळ वाचतेय. त्यात बायकांपैकी फक्त त्याची पत्नी नोरा भेटते, तीही ओझरती. या कादंबरीमागे आणखी कुणी स्त्रिया नव्हत्या का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : होत्या, आणि त्यांच्यावाचून ही कादंबरी १९२२ साली निघालीच नसती. न्यूयॉर्कच्या ‘लिट्ल रिव्ह्यू’ या मासिकाच्या मार्गारेट अँडरसन आणि जेन हीप यांनी ती १९१८पासून क्रमशः छापली. त्यापायी अश्लीलतेचा खटला अंगावर घेतला, १९२१मध्ये प्रत्येकी ५० डॉलर दंड भरला. मग कुणी प्रकाशक पुस्तकाला हात लावेना.

तेव्हा पॅरिसमधली सिल्व्हिया बीच पुढे आली. ही अमेरिकन बाई पुस्तकांचं लहानसं दुकान चालवायची. त्याआधी तिने एकही पुस्तक छापलेलं नव्हतं. तिने आगाऊ मागण्या गोळा केल्या, दिजाँचा छापखाना गाठला. हस्तलिखित टंकायला माणसं मिळेनात. एका टंकलेखिकेच्या नवऱ्याने तर त्यातली काही पानं आगीत टाकली! जॉइस प्रुफांवरच नवा मजकूर लिहीत सुटला. जवळपास एक तृतीयांश कादंबरी अशी प्रुफांच्या समासात वाढली. छपाईचे खिळे जुळवण्याच्या काळात अशी प्रत्येक दुरुस्ती म्हणजे जादा खर्च, पण तिने त्याला अडवलं नाही. २ फेब्रुवारी १९२२ला, त्याच्या चाळिसाव्या वाढदिवशी, पहाटे स्टेशनावर जाऊन तिने गाडीने आलेल्या पहिल्या दोन प्रती घेतल्या आणि एक त्याच्या हाती दिली. पुढे १९३४मध्ये अमेरिकेत ‘युलिसिस’ उजळ माथ्याने निघालं, तेव्हा तिच्या पदरी काहीच पडलं नाही. हा अन्याय मला आजही सलतो.

माझा सर्वांत जास्त जीव मात्र लंडनच्या हॅरिएट वीव्हरवर आहे. जॉइसची पहिली कादंबरी छापायला इंग्लंडचे मुद्रक धजेनात, म्हणून तिने छापील फर्मे, म्हणजे न बांधलेले छापलेले कागद, अमेरिकेतून आणवले आणि १९१७मध्ये पुस्तक स्वतः प्रकाशित केलं. त्याच वर्षापासून नाव न कळवता वकिलांमार्फत ती त्याला पैसे पाठवू लागली. त्याचं शेवटचं पुस्तक तिला पटत नव्हतं. तसं तिने त्याला पत्रातून कळवलं, तरी मदत थांबवली नाही. १९४१मध्ये झुरिकमध्ये तो वारला, तेव्हा अंत्यविधीचा खर्चही तिनेच केला. पुढे त्याच्या आजारी मुलीची, लुसियाची, पालक म्हणून जबाबदारीही घेतली.

तुमच्या प्रबंधात वीव्हरला स्वतंत्र प्रकरण द्या. जॉइसने तिला लिहिलेली पत्रं छापलेली आहेत. सुरुवात तिथूनच करा.