बौद्ध मतानुसार बाहेरचं जग खरंच आहे, की सगळा मनाचा खेळ?

'बाहेरचं जग स्वतंत्रपणे आहे का? की जग नाहीच, सगळं मनात आहे, असंच बुद्ध म्हणाले ना?' असं तुम्ही विचारलंय. नाही, असं नाही म्हणाले.

मी नागपूरचा. मे महिन्यात भरदुपारी वर्धा रोडनं गाडीवर चाललो होतो. मागून मुलगी म्हणाली, "बाबा, समोर पाणी सांडलं वाटते." लगेच पुढचं, "टँकर फुटला असंन." जवळ गेलो तर रस्ता कोरडा ठक्क.

संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहातल्या फेणपिंडूपम सुत्तात (सुत्त म्हणजे उपदेश) हेच मृगजळ आहे, तेही उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यातलं, ऐन दुपारचं. तिथं ते संज्ञेची उपमा म्हणून येतं. संज्ञा म्हणजे 'हे अमुक आहे' असं ओळखणं. रस्ता होता, ऊन होतं, तापलेल्या हवेत वाकून डोळ्यापर्यंत आलेला उजेडही होता. 'पाणी' मात्र आम्ही घातलं. मधुपिंडिक सुत्तात ही साखळी उलगडून दाखवली आहे: डोळा, रूप (दिसणारी गोष्ट) आणि चक्षुविज्ञान (डोळ्यानं होणारी जाणीव) एकत्र आले की स्पर्श, म्हणजे या तिघांचा संपर्क; त्यातून वेदना, म्हणजे सुखद-दुःखद असं वाटणं; मग संज्ञा, मग वितर्क, म्हणजे विचार; मग पपंच, म्हणजे मनानं त्यावर रचत नेलेला पसारा. फुटलेला टँकर हा पपंच.

बाहेर वस्तू आहे की नाही, यावर खरा वाद नंतरच्या आचार्यांनी घातला. वैभाषिक आणि सौत्रांतिक हे त्यांतले दोन पंथ. वैभाषिक म्हणतात, वस्तू आहे आणि थेट दिसते. सौत्रांतिक म्हणतात, आहे, पण आपल्या हाती तिचा मनातला आकारच लागतो. वस्तूचं अनुमान करायचं. आचार्य वसुबंधूंनी 'विंशतिका' या ग्रंथात बाहेरची वस्तूच काढून टाकली. डोळ्यांच्या विकारात नसलेले केस दिसतात, स्वप्नात नसलेलं गाव दिसतं, मग वस्तू हवीच कशाला? पण सगळ्यांना एकच कसं दिसतं? त्यावर ते प्रेतांचं (म्हणजे मढी नव्हे, कर्मामुळे भुकेलेल्या भुतांच्या योनीत जन्मलेले जीव) उदाहरण देतात: सारख्या कर्मामुळे सगळ्या प्रेतांना नदीत पूच दिसतो. मला हे काही पटत नाही. प्रेतं आधी मानावी लागतात.

मला बौद्ध आचार्य नागार्जुन जवळचे वाटतात, आणि ते काही आमच्या रामटेकजवळच्या टेकडीला त्यांचं नाव आहे म्हणून नव्हे. तुमच्या प्रश्नातल्या 'स्वतंत्रपणे' या शब्दालाच ते हात घालतात. वस्तू नाही असं ते म्हणत नाहीत. कशावरही न विसंबता, आपल्याच बळावर उभी असलेली वस्तू सापडत नाही, एवढंच. 'रत्नावली' या आपल्या ग्रंथात त्यांनीही मृगजळ घेतलंय: पाणी समजून जवळ गेलेला माणूस 'ते पाणी आता नाही' म्हणाला, तर तो मूर्खच. तसंच मृगजळासारख्या जगाला 'आहे' म्हणणं किंवा 'नाही' म्हणणं, दोन्ही मोहच.

आमची पोरगी तिथं पोचल्यावर म्हणाली होती, "सुकलं वाटते."